पाऊस संपल्यानंतरची शेती : बअल माहितीसंचाच्या प्रकल्प नोंदी

१४ ऑक्टोबर २०२४

बार्शी तालुक्यातील कोरडवाहू शेतकऱ्यांच्या एका अभ्यासगटासाठी भिंतीवर लावण्याजोगा सचित्र माहितीसंच तयार करण्याचे काम आजपासून हाती घेतले आहे. पॅलेस्टाइनमधील अरब शेतकरी पिढ्यानपिढ्या करीत आलेली ‘बअल’ शेती हा त्याचा विषय आहे. कनानी लोकांच्या पर्जन्यदेवतेचे नाव मिरवणारी ही शेती विहीर, कालवा किंवा ठिबक यांपैकी कशाचाही आधार न घेता होते. चित्रे सहकारी काढणार असून मजकुराची जबाबदारी माझ्याकडे आहे.

तेथील पाऊस साधारण ऑक्टोबरच्या मध्यावर सुरू होतो, डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात जोर धरतो आणि एप्रिलमध्ये आटोपतो. मे ते सप्टेंबर हे महिने जवळजवळ कोरडे जातात. गहू, जव, मसूर, हरभरा आणि बाकला ही पिके पावसाळी हिवाळ्यात वाढतात, त्यामुळे त्यांच्याबद्दल आपल्या वाचकाला फारसे कुतूहल वाटणार नाही. टोमॅटो, भेंडी, चवळी, तीळ, टरबूज आणि फक्कूस (काकडीसारखे वेलीवरचे फळ) ही पिके मात्र पाऊस थांबल्यावर पेरली जातात आणि एकही पाणी न घेता भर उन्हाळ्यात फळतात. माहितीसंचाचा भर या उन्हाळी पिकांवरच ठेवायचे आज ठरले.

बत्तीर गाव संचात घ्यायचे नाही, हेही ठरवून टाकले. तेथील दगडी पायऱ्यांची शेती २०१४ मध्ये जागतिक वारसा यादीत गेल्यापासून पॅलेस्टिनी शेती म्हटले की प्रत्येकाला तेच छायाचित्र हवे असते. पण त्या गावातील प्रसिद्ध वाफे झऱ्याच्या पाण्यावर आहेत आणि ते पाणी कुटुंबांमध्ये पाळीने वाटून घेतले जाते. ती व्यवस्था सुंदर आहे, परंतु ती बअल नव्हे. मातीचा गारा न वापरता रचलेल्या दगडी ताली, ज्यांना तेथे सनासिल म्हणतात, त्या इतर डोंगरांवरही विपुल आहेत आणि त्यांच्या आधाराने ऑलिव्ह, अंजीर, बदाम व द्राक्ष केवळ पावसावर उभे आहेत. चित्र त्यांचेच घ्यावे.

२८ ऑक्टोबर २०२४

या महिन्यात नॉर्वेतील स्वालबार्ड येथील जागतिक बियाणे तिजोरीत पॅलेस्टाइनमधून पहिल्यांदाच बियाणे जमा झाले. भाजीपाला, कडधान्ये आणि सुगंधी वनस्पती यांचे हे वाण कृषी कार्य समित्यांच्या संघाने पाठवले आहेत. १९८६ मध्ये स्थापन झालेल्या या संघटनेची बियाणे बँक हेब्रॉन येथे आहे. बियाण्याचे पान संचाच्या शेवटी ठेवणार होतो. आता ते मध्यावर आणावे असे वाटते, कारण बिनपाण्याच्या शेतीत जमिनीइतकेच वाणालाही महत्त्व असते. संकरित टरबुजाचे बी त्या जमिनीत बिनपाण्याने पेरून चालत नाही, हे तेथील शेतकऱ्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही.

सध्या तेथे ऑलिव्हची तोडणी चालू असणार. पहिली सर पडून झाडांवरची उन्हाळाभराची धूळ धुतली गेली की तोडणीला लागायचे, असा जुना रिवाज आहे.

१७ नोव्हेंबर २०२४

काल, १६ नोव्हेंबरला, लिद्दचा उत्सव झाला. लिद्द गावातील संत जॉर्ज यांच्या चर्चचा हा सण असून, त्या दिवसापर्यंत ज्याने नांगर जुंपला नसेल त्याने आता तरी जुंपावा, अशा अर्थाची म्हण फलाहीन, म्हणजे कष्टकरी शेतकरी, वापरतात. त्याचप्रमाणे २७ सप्टेंबरच्या क्रूसाच्या सणानंतर उन्हाळा सरला असे मानतात. हे दोन्ही सण ख्रिस्ती आहेत आणि पूर्वेकडील चर्चच्या जुन्या पंचांगानुसार येतात. तरीही बहुसंख्य मुसलमान शेतकरी शेतीची कामे याच सणांवर बेततात. कारण सरळ आहे. हिजरी वर्ष निव्वळ चांद्र असल्याने दर वर्षी सुमारे ११ दिवसांनी मागे सरकते, त्यामुळे रमजान कधी थंडीत तर कधी उन्हाळ्यात येतो आणि पेरणीची तारीख त्याच्यावर टांगता येत नाही. सूर्याशी बांधलेले कोणतेही पंचांग, मग ते कोणत्याही धर्माचे असो, शेतकऱ्याला चालते. आपल्याकडेही सण तिथीवर होतात, पण मृगाचा पाऊस सूर्याच्या नक्षत्रावरून मोजतात. अभ्यासगटाला हा मुद्दा एका वाक्यात कळेल.

वर्षचक्राचे पान आखताना त्याच प्रदेशातील गेझर या प्राचीन नगरातील शिलालेख समोर ठेवला आहे. १९०८ मध्ये उत्खननात सापडलेली आणि आता इस्तंबूलच्या पुरातत्त्व संग्रहालयात असलेली ही तळहाताएवढी चुनखडीची पाटी इसवी सनापूर्वी दहाव्या शतकातील मानली जाते. तिच्यावर वर्षाची विभागणी कामांवरून केली आहे: दोन महिने फळांच्या साठवणीचे, दोन पेरणीचे, दोन उशिराच्या पेरणीचे, एक जवस उपटण्याचा, एक जवाच्या कापणीचा, एक कापणी आणि मापणीचा, दोन वेलींच्या निगेचे आणि एक उन्हाळी फळांचा. बारा महिन्यांच्या या यादीत पाणी देण्याचा एकही महिना नाही. सहकाऱ्याने वर्तुळाऐवजी या पाटीसारखीच उभी रचना सुचवली आणि ती मला पटली.

२२ डिसेंबर २०२४

आजपासून तेथे चाळीस दिवसांच्या कडक हिवाळ्याचा काळ सुरू होतो. वर्षभराचे पाणी मुख्यतः याच काळात जमिनीत उतरते, म्हणून आज पाण्याच्या हिशेबाचे पान लिहायला घेतले.

जेरुसलेमचा सरासरी वार्षिक पाऊस सुमारे ५५० मिलिमीटर आहे. महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण पट्ट्यात ५०० ते ७०० मिलिमीटर पडतो, त्यामुळे ‘तिकडे पाऊस जास्त असेल’ ही शंका पहिल्याच ओळीत मिटते. खरा फरक पावसाच्या वेळेचा आहे. तेथे पाऊस थंडीत पडतो, त्या वेळी बाष्पीभवन कमी असते आणि पडलेल्या पाण्याचा मोठा वाटा जमिनीत मुरतो. चांगल्या चिकण मातीच्या एक मीटर खोलीत पिकाला घेता येईल असे साधारण १५० ते २०० मिलिमीटर पाणी मावते. उन्हाळ्यात दाट उभे पीक दिवसाला सहा मिलिमीटरच्या आसपास पाणी सहज खर्च करते, म्हणजे ती सगळी ओल महिनाभरात संपेल. पावसाशिवाय काढायचे महिने तर पाच आहेत.

या कोड्याचे उत्तर अंतरात आहे. टरबुजाचे वेल अडीच मीटर बाय अडीच मीटरवर लावले, तर एका वेलाच्या वाट्याला सव्वासहा चौरस मीटर जमीन येते. प्रत्येक चौरस मीटरखाली १६० लिटर ओल धरली, तर एका वेलासाठी जमिनीत सुमारे १००० लिटर पाणी साठवलेले असते. त्यातले सगळे त्याला मिळत नाही, काही हवेत जाते, मुळे एक मीटरच्या खालीही उतरतात; तरीही हा आकडा पाहिला की विरळ लावलेले ते शेत रिकामे दिसत नाही. संचातील सर्वांत मोठे चित्र याचेच असावे: वर एक वेल आणि खाली त्याच्या नावावर राखून ठेवलेला मातीचा चौकोनी ठोकळा.

दवाबद्दल अनेक लेखांतून फार उदारपणे लिहिलेले आढळते. दवामुळे पानांना सकाळी थोडा विसावा मिळतो हे मान्य, पण टरबुजाचे पोट दवाने भरत नाही. दवाला एका ओळीपेक्षा जास्त जागा द्यायची नाही.

४ फेब्रुवारी २०२५

चाळीस दिवस संपून जानेवारीअखेरीस पन्नास दिवसांचा काळ लागला आहे. तो २१ मार्चपर्यंत चालतो आणि त्याचे साडेबारा दिवसांचे चार भाग पाडतात. प्रत्येक भागाला ‘सअद’ म्हणतात आणि प्रत्येकाचे नाव आकाशातील एका तारकासमूहावरून आले आहे. पहिला सअद अल-धाबिह हा बोचऱ्या थंडीचा. दुसरा सअद बुलअ, ज्यात पडलेला थेंब जमीन गिळून टाकते असे म्हणतात. तिसऱ्या सअद अल-सुऊदमध्ये झाडाच्या काडीत रस फिरू लागतो. चौथ्या सअद अल-खबायामध्ये बिळात दडलेले साप बाहेर पडतात.

या चार ओळींमध्ये मातीचे शास्त्र किती नेमके बसले आहे, हे पाहण्यासारखे आहे. जमीन पाणी ‘गिळते’ ती फेब्रुवारीच्या उत्तरार्धात, म्हणजे वरचे थर आधीच ओले झाल्यावर, जेव्हा नवा पाऊस खाली ढकलला जाऊन खोल थर भरू लागतो. पहिल्या सरी पृष्ठभागाच्या कामी येतात, तर उन्हाळी पिकांचे भवितव्य या दुसऱ्या सअदावर अवलंबून असते. रोहिणी, मृग, आर्द्रा अशी तेरा-चौदा दिवसांची मापे वापरून पाऊस ओळखणाऱ्या वाचकाला साडेबारा दिवसांचा सअद परका वाटणार नाही. अरबी गणनेत चंद्राची २८ स्थाने आहेत, आपल्याकडे २७ नक्षत्रे धरतात. ते पहाटेच्या तारकांच्या उदयास्तावरून काळ ठरवतात, आपण सूर्य कोणत्या नक्षत्रात आहे यावरून. पंचांगाचे हे पान दोन उभ्या पट्ट्यांत छापायचे, डावीकडे सअद आणि उजवीकडे आपली पावसाची नक्षत्रे. मात्र महिने समोरासमोर जुळवायचे नाहीत, कारण दोन्हीकडचा पावसाळा वर्षाच्या वेगवेगळ्या टोकांना येतो.

एप्रिलच्या सरीविषयीची त्यांची म्हणही याच पानावर येईल: एप्रिलमधली एक सर नांगराच्या फाळाच्या आणि बैलजोडीच्या मोलाची. शेजारी ‘पडतील स्वाती तर पिकतील माणिक मोती’ ठेवली की स्पष्टीकरणाची गरज उरत नाही. दोन्ही म्हणी हंगाम सरता सरता येणाऱ्या पावसाबद्दल आहेत.

यंदाचा तेथील हिवाळा मात्र फारच कोरडा चालला आहे. संचात या वर्षाचा उल्लेख करणार नाही, पण ‘बअलमध्ये पीक हमखास येते’ असा सूर कुठेही लागू नये, याची खूणगाठ आजच बांधून ठेवतो.

९ मार्च २०२५

मशागतीचे पान लिहून झाले. अभ्यासगटातले एक ज्येष्ठ शेतकरी मागे मला म्हणाले होते, “अहो, पाऊस गेल्यावर आमचीबी ज्वारी येती की! पण ती थंडीत येती. तिकडं मे महिन्यात भेंडी जगती कशी, तेवढं सांगा.” हे पान त्यांच्यासाठीच आहे.

उन्हाळी पीक ज्या शेतात घ्यायचे, त्यात हिवाळ्यात काहीही पेरत नाहीत. पहिल्या चांगल्या पावसानंतर वाफसा येताच ते नांगरतात. या नांगरणीला आणि अशा मोकळ्या ठेवलेल्या शेतालाही क्राब म्हणतात. पुढे हिवाळ्यात तण उगवले की दुसरी नांगरणी होते आणि वसंतात तिसरी. या तिन्ही नांगरण्यांचे काम वेगवेगळे आहे. पहिलीने जमीन उघडते आणि उतारावरचे पाणी वाहून न जाता मुरते. दुसरीने तण मरते, कारण हिवाळाभर वाढलेले तण उन्हाळी पिकाची सगळी ओल पिऊन बसते. तिसरी उथळ असते आणि तिने वरचा थर भुसभुशीत होऊन केशाकर्षणाने वर चढणारे पाणी त्याच्याखाली अडते. त्यानंतर पाऊस पडून पापुद्रा धरला की तो पुन्हा मोडावा लागतो. डोंगरातल्या अरुंद पायऱ्यांवर हे काम अजूनही लाकडी नांगर आणि खेचर किंवा गाढव यांच्यावर होते, कारण तेथे ट्रॅक्टर वळत नाही.

सोलापूरच्या कोरडवाहू ज्वारीच्या शिफारशीत हीच विचारसरणी आहे. पेरणीनंतर तिसऱ्या आठवड्यात पहिली कोळपणी, पाचव्यात दुसरी आणि आठव्या आठवड्यात भेगा बुजवण्यासाठी दातेरी कोळप्याने तिसरी. काळ्या जमिनीला भेगा पडल्या की ओल नुसती वरून नव्हे, तर भेगेच्या दोन्ही भिंतींतून उडते आणि मुळेही तुटतात. तिकडच्या उत्तरेकडील गॅलिली भागातल्या चिकण मातीलाही अशाच भेगा पडतात. तेथे उभ्या पिकात कुदळीने हलकी खांदणी करतात, पण वेल पसरले की कोणीही शेतात पाय घालत नाही.

किंमत मात्र लपवू नये. एका उन्हाळी पिकासाठी शेतकरी एका हिवाळ्याचा गहू सोडतो. ज्याच्याकडे थोडीच जमीन आहे त्याला हे परवडेलच असे नाही, आणि म्हणूनच पारंपरिक फेरपालट गावाची जमीन दोन भागांत विभागून होत असे: एका वर्षी एका भागात गहू किंवा जव, दुसऱ्या भागात उन्हाळी पीक, आणि पुढच्या वर्षी अदलाबदल. उन्हाळी पिकाच्या मागून आलेला गहू तणविरहित जमिनीत जोमाने येतो, हा त्यातला परतावा.

३१ मार्च २०२५

काल पॅलेस्टिनी लोकांचा भूमिदिन होता. ३० मार्च १९७६ रोजी गॅलिलीतील जमीन ताब्यात घेण्याच्या इस्रायली सरकारच्या निर्णयाविरुद्ध अरब नागरिकांनी संप पुकारला आणि सखनीन, अर्राबा व देर हन्ना या गावांसह ठिकठिकाणी झालेल्या निदर्शनांच्या वेळी सहा जण मारले गेले. हा संच राजकीय व्हावा असा माझा हेतू नाही, पण ही गावे ज्या खोऱ्याभोवती आहेत तेच सहल अल-बत्तूफ आपल्या चौथ्या पानाचा विषय आहे, तेव्हा जमिनीचा इतिहास वगळून मातीचे वर्णन करणे अर्धवट ठरेल.

बत्तूफ हे खालच्या गॅलिलीतील, डोंगरांनी वेढलेले, जड चिकण मातीचे खोरे आहे. त्याच्या पूर्व भागातून पाणी नीट वाहून जात नाही, म्हणून चांगल्या पावसाच्या हिवाळ्यात तेथे तळे साचते. वसंतात पाणी ओसरले की मागे राहिलेल्या ओलीवर टरबूज, फक्कूस, भेंडी आणि तीळ पेरतात. अर्राबाच्या टरबुजांचे नाव आजही घेतले जाते. जेनिनजवळचे मर्ज सानूर आणि साल्फीत भागातील देर बल्लूतचे मैदान यांचीही रचना अशीच आहे: हिवाळ्यात पाण्याखाली, उन्हाळ्यात वेलांखाली. आपल्याकडे सर्वांत जवळचे उदाहरण जबलपूरच्या बाजूची हवेली पद्धत, जिथे पावसाळ्यात बांधांमध्ये पाणी कोंडून ठेवतात, पेरणीच्या सुमारास सोडून देतात आणि त्या ओलीवर गहू घेतात. बार्शीच्या मध्यम खोलीच्या जमिनींना हे लागू पडणार नाही, असे स्पष्ट लिहिले आहे.

या खोऱ्यातून इस्रायलचा राष्ट्रीय जलवाहक जातो. १९६४ मध्ये पूर्ण झालेल्या या योजनेतील बत्तूफचा उघडा कालवा १७ किलोमीटर लांबीचा आहे आणि मातीच्या चिकणपणामुळेच त्याचा तळ गोलसर बांधावा लागला. किन्नेरेत सरोवराचे पाणी तो दक्षिणेकडे नेतो, आणि त्याच्या दोन्ही काठांची शेती मात्र बहुतांशी बिनपाण्याचीच राहिली आहे. वेस्ट बँकमधील, म्हणजे जॉर्डन नदीच्या पश्चिमेकडील इस्रायलव्याप्त भागातील, परिस्थितीचे कारण वेगळे आहे: नोव्हेंबर १९६७ च्या लष्करी आदेश क्रमांक १५८ नुसार परवान्याशिवाय पाण्याचे कोणतेही नवे बांधकाम करता येत नाही. म्हणून बअल शेतीला केवळ ‘शहाणी परंपरा’ म्हणून गौरवणे मला अपुरे वाटते. तिच्यात पिढ्यांचे ज्ञान आहे आणि काही ठिकाणी दुसरा पर्याय नसणेही आहे. उजनीच्या कालव्याकडे लांबून पाहणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याला हे दोन्ही एकदम समजेल. सहकाऱ्याच्या चित्रात कालवा निळा आणि शेत तपकिरी दाखवले आहे. मी तो निळा रंग थोडा फिका करायला सांगितला, कारण पाहणाऱ्याची नजर आधी शेताकडे जायला हवी.

२७ एप्रिल २०२५

पेरणीचे चित्र पूर्ण झाले. बी आधी भिजवतात. शेतात वरचा सुका थर हाताने किंवा कुदळीने बाजूला सारून खालची ओली माती उघडी करतात, बी त्या ओलीत ठेवतात, ओली माती दाबतात आणि वरून पुन्हा कोरडी माती पसरतात. टोमॅटोची रोपे लावायची असतील तर लावताना मुळाशी एकदाच थोडे पाणी घालतात. त्यानंतर ते रोप आणि जमीन यांचे आपापसात काय ते होऊ द्यायचे. एका ठिकाणी दोन-तीन बिया उगवल्या तर एकच रोप ठेवतात, आणि ही विरळणी करताना ज्याचा हात आखडतो त्याचे पीक जुलैमध्ये सुकते.

वेळ साधणे सर्वांत कठीण असते. लवकर पेरले तर थंडीने बी कुजते आणि तणही सोबत उगवते. उशीर झाला तर ओल बीपासून खाली सरकलेली असते. मुळांनी खाली सरकणाऱ्या ओलीचा पाठलाग करून तिला गाठायचे, ही रब्बी ज्वारीचीही शर्यत आहे.

१८ मे २०२५

आज धान्याच्या पानावर काम केले. ज्वारीशिवाय बार्शीत कोणतीही गोष्ट पूर्ण होत नाही, आणि सुदैवाने ती पॅलेस्टाइनमध्येही आहे. पांढरी ज्वारी, तिकडची धुरा, ही तेथील जुन्या फेरपालटातील मुख्य उन्हाळी पिकांपैकी एक होती. वसंतात पेरायची, पावसाचा एक थेंबही न मिळता वाढायची आणि उन्हाळ्याच्या अखेरीस कापायची. तिच्या पिठाच्या जाड भाकरीला करादीश म्हणतात. मक्याने आणि विकतच्या गव्हाच्या पिठाने तिची जागा घेतली. आपल्या मालदांडी ज्वारीची मोहोळ येथे झालेली निवड आणि ती धुरा यांना शेजारी ठेवणारा एक लहान चौकट-मजकूर लिहिला आहे. दोन्ही पिके साठलेल्या ओलीवर येतात, पण मालदांडीला थंडीची साथ असते आणि धुरेला उन्हाशी सामना करावा लागतो. त्या ज्येष्ठ शेतकऱ्यांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर या फरकात आहे आणि अर्धे मोकळ्या ठेवलेल्या हिवाळ्यात.

सध्या तेथे फ्रीकेचा हंगाम संपत आला असेल. गव्हाचे दाणे हिरवे आणि चिकाचे असतानाच ओंब्या कापून उन्हात थोड्या सुकवतात, मग पेटवतात. काड आणि कूस जळून जाते, ओला दाणा शिल्लक राहतो. तो चोळून, वाळवून, भरडून वर्षभर ठेवतात आणि त्याचे सूप किंवा भात करतात. मराठी वाचकाला हे हुरड्याची आठवण करून देणारच. मात्र हुरडा शेतावरच गरम गरम संपवायचा असतो, तर फ्रीके कोठारासाठी असतो, आणि त्याला आलेला धुराचा वास ही त्याची ओळख समजली जाते. हिरवा हरभरा मात्र तेथेही शेतातच झाडासकट भाजून खातात. पिकलेला गहू पुढे उकडून, वाळवून, भरडून बुरगुल होतो आणि मसूर-बुरगुलाची मुजद्दरा हे गरिबाघरचे पोटभरीचे जेवण असते, ज्याच्यावर तळलेला कांदा मात्र सढळ हाताने घालतात.

२९ जून २०२५

उन्हाळी स्वयंपाकाच्या पानाला सर्वांत जास्त वेळ लागला आणि त्याचे मला वाईट वाटत नाही. सुरुवात फक्कूसने केली आहे. दिसायला ती लांब, फिकट हिरवी, रेघांची, किंचित लव असलेली काकडी असते, पण वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ती खरबुजाच्या जातकुळीतली, म्हणजे आपल्या वाळकाची नातलग. काकडीला पाणी कमी पडले की ती कडू होते. फक्कूस होत नाही. पहाटे कोवळी तोडतात आणि सालीसकट खातात. मोठी झालेली कोरून, तांदूळ आणि मांस भरून शिजवतात, उरलेली मिठाच्या पाण्यात लोणच्याला जाते. बेथलेहेमजवळच्या बैत साहूरची आणि देर बल्लूतची फक्कूस नावाजलेली आहे. देर बल्लूतमध्ये ही शेती मुख्यतः बायका करतात. पेरणीपासून विक्रीपर्यंत त्याच पुढे असतात. त्यांचे चित्र काढताना सहकाऱ्याने आधी त्यांना डोक्यावर टोपली घेऊन चालताना दाखवले होते, मी त्यांना शेतात वाकून तोडणी करताना दाखवण्याचा आग्रह धरला.

बअल टोमॅटो लहान, जाड सालीचा आणि गोड-आंबट असतो, कारण त्यात पाणी कमी आणि बाकी सर्व जास्त असते. भेंडी बोटाच्या पेराएवढी असतानाच तोडतात, टोमॅटोत शिजवतात, उरलेली दोऱ्यात ओवून हिवाळ्यासाठी वाळवतात. आपल्याकडच्या बाजारात अशी भेंडी ‘वाढ खुंटलेली’ म्हणून बाजूला काढली जाईल. चवळी शेंगेसकट ऑलिव्ह तेलात शिजते. तिळाचा ताहिनी होतो, ज्यासाठी नाब्लूस प्रसिद्ध आहे. अंजीर वाळवून ठेवतात, हेब्रॉनच्या द्राक्षांचा रस आटवून काकवीसारखा दिब्स करतात. या सगळ्याचा हंगाम थोडक्या आठवड्यांचा असल्यामुळे ताज्या खाण्याइतकेच वाळवण आणि साठवणही महत्त्वाचे ठरते. उन्हाळाभर घरांच्या गच्च्या त्या कामी लागतात.

उत्पादनाचा आकडा न देता एवढेच लिहिले आहे की, पाण्यावरच्या टोमॅटोच्या तुलनेत ते खूप कमी निघते आणि ‘बअल’ म्हटल्यावर गिऱ्हाईक जास्त पैसे देते, म्हणूनच हे गणित कसेबसे जुळते. आपल्याकडे कोरडवाहू मालाला असा वेगळा भाव मिळत नाही. या वाक्यावर अभ्यासगटात चर्चा व्हावी, अशी अपेक्षा आहे.

५ ऑगस्ट २०२५

३१ जुलै रोजी कृषी कार्य समित्यांच्या संघाच्या हेब्रॉन येथील बियाणे-गुणन केंद्रावर इस्रायली सैन्याने बुलडोझर चालवून तेथील सामग्री व बांधकाम उद्ध्वस्त केले. ऑक्टोबरमध्ये स्वालबार्डला गेलेल्या नमुन्यांचे महत्त्व यामुळे वाढले आहे, पण बर्फातले बी आणि शेतातले बी यांत फरक असतो. स्थानिक वाण दर वर्षी त्याच मातीत पेरले गेले तरच त्या उन्हाळ्याशी जुळलेले राहते. या भागाला हा अनुभव नवा नाही: अलेप्पोजवळच्या इकार्डा या कोरडवाहू शेतीच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेला सीरियातील युद्धामुळे आपली बियाणे बँक वापरता येईनाशी झाली, तेव्हा तिने २०१५ मध्ये स्वालबार्डमधून आपले नमुने परत मागवले आणि लेबनॉन व मोरोक्कोत ते पुन्हा पेरून वाढवले. तिजोरीतून बी काढण्याची ती पहिलीच वेळ होती.

बियाण्याच्या पानावर जेनिन भागातील जदूई टरबूज घेतले आहे. एके काळी हे टरबूज सीमेपलीकडच्या बाजारांतही जात असे, पुढे ते शेतांतून जवळजवळ नाहीसे झाले. देशी वाण जपणाऱ्या पॅलेस्टिनी कार्यकर्त्या व्हिव्हियन सन्सूर यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या देशी बियाणे ग्रंथालयाने त्याचा शोध घेतला, तेव्हा एका शेतकऱ्याच्या घरी खणात ठेवलेले बी मिळाले. ‘अबू समरा’ हा काळसर कुसळांचा देशी गहूही त्यांनी पुन्हा शेतात आणला. ही गोष्ट सांगताना भाबडेपणा टाळला आहे. बी सापडणे ही सुरुवात असते. क्राब करण्याइतकी जमीन, तीन नांगरण्यांचे श्रम आणि घेणारे गिऱ्हाईक नसेल तर ते पुन्हा खणातच जाते.

२४ सप्टेंबर २०२५

सर्व पाने छपाईला गेली. मुद्रितशोधनात ‘फक्कूस’ आणि ‘क्राब’ यांची लेखने सगळीकडे एकसारखी केली आणि पाण्याच्या हिशेबाच्या पानावर ‘एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी’ ही ओळ मोठ्या अक्षरांत घेतली, कारण तिच्याशिवाय मातीच्या ठोकळ्याचे चित्र वाचता येत नाही.

अभ्यासगटाने कच्ची पाने पाहून दोन मागण्या केल्या आहेत. पहिली अशी की, येत्या रब्बीत ज्वारीच्या एका पट्ट्यात ओळींतले अंतर नेहमीपेक्षा वाढवून आणि एक कोळपणी जास्त करून ओल मोजून पाहावी. तिच्यासाठी ३०, ६० आणि ९० सेंटिमीटर खोलीवरचे मातीचे नमुने पेरणीला, फुलोऱ्याला आणि काढणीला घेण्याचा तक्ता आज पाठवला. दुसरी मागणी उन्हाळी वाळकाची आहे. ऑक्टोबरनंतर पाऊस नाही आणि मार्चपर्यंत जमीन मोकळी ठेवायची, तर बार्शीच्या उन्हात तीत किती ओल उरेल याबद्दल मला शंका आहे, म्हणून ती पेरणी फक्त ज्यांची जमीन मीटरभर खोल आणि काळी आहे अशा दोन शेतांपुरतीच ठेवावी, असे कळवले आहे. क्षेत्र गुंठ्यांत असावे, एकरांत नसावे.